वॅट शेवटी बघा : घरच्या रीफ टँकसाठी प्रोग्रॅमेबल एलईडी निवडताना

रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, दिव्यांबद्दल जो सल्ला सहज हाताशी येतो, तो बहुतेक अमेरिका-युरोपातल्या हौशी मंडळींनी स्वतःच्या टाक्या डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. त्यांच्या टाकीत ॲक्रोपोरासारखी प्रकाशाला हपापलेली टणक प्रवाळं असतात, खोलीचं तापमान बारा महिने एकच असतं आणि वीज सहसा जात नाही. तो सल्ला जसाच्या तसा उचलला की आपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकदीचा दिवा घेतो, तो तीस टक्क्यांवर चालवतो आणि पंखा, इन्व्हर्टर, चांगलं मीठ यांच्यासाठी पैसे उरत नाहीत. आपल्याकडे दिवा निवडण्याचा क्रम वेगळा हवा. आधी कोणती प्रवाळं ठेवणार ते, मग टाकीचं माप, मग घरातला उष्मा आणि वीज. वॅटचा आकडा सगळ्यांत शेवटी.

हा क्रम समजून घ्यायला मुद्दाम एक अवघड घर उदाहरणाला घेऊ : काशीच्या ब्रह्मा घाटावरचं. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा पक्का महाल नावाच्या जुन्या वस्तीतला पट्टा मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वसवलेला. इथून समुद्र सुमारे सहाशे किलोमीटर दूर, त्यामुळे खारं पाणी घरीच करायचं. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, श्रावण-भाद्रपदात हवा दमट, भिंती हातभर जाड, वायरिंग जुनं. या घरात जो दिवा नीट चालेल तो दादरला, कोथरूडला किंवा नागपूरला चालायला काहीच हरकत नाही.

आधी प्रवाळ ठरवा

भारतात या छंदाचा पहिला प्रश्न कायद्याचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी पाषाण प्रवाळं आहेत. काळी प्रवाळं, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळही त्यातच येतात. आपल्या समुद्रातून काढलेला यांचा तुकडा, मेलेलासुद्धा, घरात ठेवणं हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या पाषाण प्रवाळांना आयात परवानगीची आणि नोंदणीची कागदपत्रं लागतात. दुकानदार ती देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. टाकीतला खडकही माणसाने बनवलेला, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचाच घ्या.

मग उरतं काय? मशरूम, झोआ, लेदर कोरल, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया अशी मऊ मंडळी. रंग आणि हालचाल दोन्हींनी ती टाकी भरून टाकतात आणि नवख्याच्या हातूनही जगतात. झोआ हाताळताना मात्र हातमोजे घाला आणि ती कापू-खरवडू नका, त्यांच्यातल्या काही जातींचं विष जहाल असतं.

दिव्याचं गणित इथेच बदलतं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. या शैवालांना उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश ‘पार’ या मापाने मोजतात. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडले, तो हा आकडा. भर दुपारच्या उघड्या उन्हात तो दोन हजारांच्या आसपास जातो. ॲक्रोपोरा पाळणारे टाकीत २०० ते ४०० धरतात. आपल्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो. मशरूम तर ५० च्या आसपासच खूश असतात. म्हणजे जाहिरातीतला जो दिवा ‘चारशे पार’चा दिमाख मिरवतो, त्याचा निम्म्याहून अधिक जोर आपल्याला कधीच लागणार नाही.

निळा किती, पांढरा किती

पाणी लाल प्रकाश आधी गिळतं आणि निळा सर्वांत खोल जाऊ देतं. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे. तिथला प्रवाळांचा पठारी माथा सुमारे वीस मीटर खोल आहे. त्या स्वच्छ पाण्यात पोचणारा प्रकाश जवळजवळ निळाच. याउलट सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या मालवणच्या उथळ, गढूळ पाण्यात प्रकाश मंद आणि हिरवट असतो, तरी तिथेही प्रवाळं आहेत. १९८७ मध्ये तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकाच किनाऱ्यासमोर इतक्या वेगळ्या उजेडात प्रवाळ जगतं, हे लक्षात ठेवलं की ‘हाच एक अचूक स्पेक्ट्रम’ असं सांगणाऱ्याचं फार मनावर घ्यावं लागत नाही.

तरीही व्यवहारात निळ्यावर भर देणंच बरं. प्रवाळातल्या शैवालांची रंगद्रव्यं ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात जोमाने काम करतात. म्हणून दिव्यात रॉयल ब्लू आणि निळ्या एलईडी मुख्य हव्यात, जोडीला थोडी जांभळी आणि पांढरी. लाल-हिरव्या एलईडी असल्या तर त्या आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी, त्या शून्य ते पाच टक्क्यांवर ठेवल्या तरी बिघडत नाही. निदान निळा आणि पांढरा हे दोन चॅनेल स्वतंत्रपणे कमी-जास्त करता आलेच पाहिजेत. चार चॅनेल असले तर उत्तम. सात-आठ असले तर पहिले सहा महिने खेळण्यातच जातील.

दुकानात प्रवाळ पाहताना एक गोष्ट करा. दुकानदाराला पांढरा चॅनेल वाढवायला सांगा. निव्वळ निळ्याखाली सगळंच लखलखतं, कारण प्रवाळातली प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा-केशरी परत फेकतात. ती चमक तब्येतीची खूण नव्हे. पांढऱ्याखाली जे फिकट, पारदर्शक किंवा फाटकं दिसतं, ते तुमच्या घरीही तसंच असणार.

टाकीचं माप आणि दिव्याची पोच

नवख्याने ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी धरावी. पाणी सुमारे १२० लिटर, स्टँड आणि खडकासह वजन पावणेदोनशे किलोच्या घरात. जुन्या वाड्यात ती खोलीच्या मधोमध न ठेवता भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवा. ब्रह्मा घाट पूर्वाभिमुख आहे. गंगेकडच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट आत येतं. ती जागा टाकीसाठी टाळा. त्या उन्हावर तुमच्या प्रोग्रॅमचा ताबा चालत नाही आणि काच शेवाळते ती वेगळीच.

एक चौकोनी एलईडी दिवा साधारण ६० × ६० सेंटिमीटरचा भाग उजळतो. म्हणजे या टाकीला एक मध्यम दिवा पुरे. मऊ प्रवाळांसाठी ५० वॅटच्या आसपासचा दिवा इथे भरपूर होतो. रेड सी कंपनीचा रीफएलईडी ५० किंवा ॲक्वा इल्युमिनेशनचा प्राइम हे या गटातले. तीन फुटी टाकीला एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान बरे. सावल्या कमी पडतात, आणि एक बंद पडला तर दुसऱ्यावर दुरुस्तीपर्यंत निभावतं.

दिवा पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर टांगा. उंची वाढवली की प्रकाश पसरतो आणि सौम्य होतो, दिवा खाली आणला की मध्यभागी एकवटून प्रखर होतो. कोपऱ्यात आणि मध्यात दुपटीचाही फरक पडू शकतो, म्हणून मशरूम खाली कडेला, झोआ मधल्या उंचीवर आणि लेदर वर, अशी मांडणी करा.

दिवा घेण्याआधी पांढऱ्या कागदाची परीक्षा करा. कागदापासून फूटभर वर दिवा धरून मध्ये हाताची बोटं घाला. सावलीच्या कडेला लाल, निळ्या, हिरव्या वेगवेगळ्या पट्ट्या दिसल्या, तर टाकीत लाटांबरोबर तोच रंगीबेरंगी झगमगाट नाचत राहणार. सावलीची कडा मऊ आणि एकरंगी असेल तर लेन्स आणि एलईडीची मांडणी चांगली आहे. हे करताना कुणी थेट दिव्यात बघू नये, मुलांनी तर नाहीच. तीव्र निळा प्रकाश डोळ्यांना घातक असतो.

पार मोजण्यासाठी अपोजीसारख्या कंपनीचा पाण्यात बुडणारा मीटर लागतो. तो महाग असतो. ओळखीच्या हौशी माणसाकडून किंवा दुकानातून एका दिवसापुरता मिळाला तरी काम होतं. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप इथे फसवतं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, ते पिवळ्या-हिरव्याला झुकतं माप देतं आणि निळ्याला जवळजवळ मोजतच नाही. त्याचा उपयोग एवढाच, की तोच दिवा त्याच सेटिंगवर चार महिन्यांनी मंद झाला का ते कळतं.

ॲपपेक्षा घड्याळ पाहा

‘प्रोग्रॅमेबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्यांचे प्रकार तीन. पहिल्यात कंट्रोलर दिव्यातच असतो आणि ॲप फक्त सूचना देतं. दुसऱ्यात दिव्यावर नुसत्या कळा किंवा बटणं असतात आणि वेळापत्रकासाठी कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो. केसिल कंपनीचे लहान दिवे या जातीचे. तिसऱ्यात सगळी अक्कल कंपनीच्या सर्व्हरवर. आपल्याकडे पहिला प्रकार घ्यावा आणि तिसरा टाळावा. दुसरा घ्यायचा तर कंट्रोलरची किंमत आधीच हिशोबात धरा.

का, ते वीज गेल्यावर कळतं. काही दिवे वीज परत आली की घड्याळ विसरतात आणि मध्यरात्री दुपार सुरू करतात. काही पूर्ण ताकदीने पेटतात. म्हणून दुकानात ही चाचणी करूनच पैसे द्या : वेळापत्रक भरा, मोबाइलचं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा, दिव्याचा प्लग काढून दहा मिनिटं थांबा, परत लावा. दिव्याने योग्य वेळ आणि योग्य तीव्रता स्वतःहून पकडली तर तो तुमच्या घरी चालेल. पक्क्या महालातल्या दगडी भिंतींतून राउटरचा सिग्नल पलीकडच्या खोलीत पोचेलच असं नाही. त्यामुळे रोज इंटरनेट मागणारा दिवा तिथे डोकेदुखी ठरतो.

त्याच वेळी दिवा पाच टक्क्यांवर आणून मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून बघा. तो लुकलुकत असेल, किंवा दहा टक्क्यांखाली एकदम बंदच पडत असेल, तर पहाट-संध्याकाळचे सावकाश चढउतार त्याला जमणार नाहीत. आपल्याला दिवा जास्त वेळ कमी ताकदीवर चालवायचा आहे, म्हणून तो खालच्या टोकाला कसा वागतो हे वरच्या टोकाइतकंच महत्त्वाचं.

वीज, उष्मा आणि मीठ

वीज गेली तर दिव्याची घाई नसते. एक-दोन दिवस अंधार प्रवाळ सहज सोसतं. पाणी हललं नाही तर मात्र काही तासांत प्राणवायू कमी पडतो. म्हणून इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आणि परतीचा पंप घ्या, दिवा घेऊ नका. १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. त्यातले निम्मे जरी खरे धरले तरी वीस वॅटचा पंप दीड दिवसाहून अधिक चालतो.

ॲडाप्टर १०० ते २४० व्होल्ट झेलणारा असावा, म्हणजे कमी दाबाने काही होत नाही. जुन्या इमारतीत न्यूट्रल सैल झाला की दाब अचानक वर जातो, त्यासाठी जादा दाब आला की पुरवठा तोडणारा ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग असल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नका. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एक झोल घेऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

उष्म्याचा हिशोब ऋतूप्रमाणे बदलतो. टाकीचं पाणी २४ ते २७ अंशांत हवं. एलईडीची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणून पन्नास वॅटऐवजी दीडशे वॅटचा दिवा घेणं म्हणजे जूनमध्ये चिलरला जादा काम देणं. काशीत वैशाख-ज्येष्ठात लू वाहते तेव्हा हवा कोरडी असते. पाण्यावर तिरका लावलेला साधा पंखा बाष्पीभवनाने तीन-चार अंश उतरवतो. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र रोज गोडं, गाळून क्षारमुक्त केलेलं (आरओ-डीआय) पाणी भरावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढत जातो. श्रावणात हवा दमट झाली की तोच पंखा निकामी ठरतो, तेव्हा खोलीचा एसी किंवा चिलर हवा. नागपूरला असंच घडतं. मुंबईत मात्र कोरडा उन्हाळा नसल्याने पंख्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

दिव्यात पंखा असेल तर तो खारट वाफ आत ओढतो. पंखा सुटा बदलता येतो का, विचारा. पंखा नसलेले, मोठ्या हीट सिंकचे दिवे आपल्या हवेत जास्त टिकतात आणि आवाजही करत नाहीत. लेन्सवर मिठाचा पापुद्रा धरतो आणि एलईडी म्हातारी होण्याआधी त्यानेच प्रकाश घटतो. पंधरा दिवसांतून एकदा प्लग काढून आरओ पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने लेन्स पुसा.

वेळापत्रक कसं भरायचं

नव्या टाकीत नायट्रोजनचं चक्र बसेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, दिवा लावायची गरजच नाही. नुसतं शेवाळ पोसलं जातं. पहिली प्रवाळं आली की असं सुरू करा :

दुपारी २ ते ४ : निळा शून्यापासून हळूहळू वर, पांढरा त्याच्या मागोमाग.
दुपारी ४ ते रात्री १० : ठरलेली कमाल तीव्रता. निळ्याच्या तुलनेत पांढरा चौथाई ते तृतीयांश.
रात्री १० ते १२ : आधी पांढरा, मग निळा उतरत शून्यावर.
रात्री १२ ते दुपारी २ : पूर्ण अंधार.

चढउताराचे चार तास निम्म्या ताकदीचे धरले तर हे आठ पूर्ण तास झाले. कमाल पार १०० असेल तर दिवसाची मात्रा १०० × ८ × ३,६०० मायक्रोमोल, म्हणजे सुमारे २.९ मोल. मऊ प्रवाळांना ती पुरते. तीव्रता दुप्पट करून तास निम्मे केले तर बेरीज तीच येते, परिणाम तोच येत नाही. शैवालांची प्रकाश वापरण्याची एक मर्यादा असते, तिच्यावरचा प्रकाश वाया जातो, अति झाला तर इजाही करतो. दिवस दुपारी उशिरा सुरू केल्याने दिव्याची उष्णता खोली थंडावत जाते त्या वेळात विभागली जाते, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर टाकी तुम्हाला उजळलेली मिळते.

‘चांदणं’ नावाचा चॅनेल रात्रभर चालू ठेवायचा मोह आवरा. पौर्णिमेचं खरं चांदणं एका लक्सहूनही कमी असतं. दिव्याचा एक टक्कासुद्धा त्याच्या कितीतरी पट प्रखर होतो. वादळ, ढग, विजांचे परिणामही पाहुण्यांपुरतेच ठेवा.

कमाल तीव्रता पहिल्या आठवड्यात २० ते ३० टक्के ठेवा आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. ‘ॲक्लिमेशन मोड’ असेल तर हे काम दिवा स्वतः करतो. प्रवाळं ठीक दिसली की तिथेच थांबा. शंभर टक्के गाठायचेत, असा काही नियम नाही.

प्रवाळाकडे बघून ठरवा

मशरूमच्या कडा वर वळून वाटीसारख्या झाल्या, तर प्रकाश बहुधा जास्त आहे. त्या पसरट राहिल्या तर ठीक. झोआंचे देठ लांबले आणि तोंडं दिव्याकडे ताणली गेली, तर प्रकाश कमी पडतोय. रंग उडून अंग पांढरट, काचेसारखं दिसू लागलं तर तीव्रता तिसऱ्या भागाने कमी करा आणि तापमानही तपासा. उष्म्याने होणारं रंग उडणं हुबेहूब असंच दिसतं, आणि जूनमध्ये दोष बहुधा पाण्याचाच निघतो. लेदर कोरल कधीकधी आक्रसतं, त्यावर मेणचट थर येतो आणि चार-आठ दिवस पॉलिप बाहेर येत नाहीत. ही त्याची कात टाकण्याची पद्धत. तिथे दिव्याला हात लावू नका, वेव्हमेकरचा झोत थोडा त्याच्याकडे वळवा, थर सुटून जाईल.

काचेवर शेवाळ वाढलं की लोक आधी दिवा कमी करतात. त्याआधी नायट्रेट-फॉस्फेट तपासा आणि अन्न किती टाकताय ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

पैसे कुठे घालायचे

पन्नास वॅटचा दिवा वरच्या वेळापत्रकाने पूर्ण ताकदीवर चालला तरी दिवसाला ०.४ युनिट, महिन्याला १२ युनिट. युनिटला साडेसहा रुपये धरले तर अठ्ठ्याहत्तर रुपये. म्हणजे दिव्याचं वीजबिल हा चिंतेचा विषय नाही, चिलरचं आहे. पक्कं बिल आणि भारतात दुरुस्तीची सोय असलेला मध्यम दिवा, सामानाबरोबर कुणी आणून दिलेल्या भारी दिव्यापेक्षा सरस. एलईडीला वीज देणारा ड्रायव्हर बिघडला की बिलाशिवायचा दिवा शोभेची वस्तू होतो. दिव्यावर वाचलेल्या पैशांतून आधी आरसीसीबी आणि अर्थिंग, मग इन्व्हर्टर, मग थंडाव्याची सोय करा. एवढं झाल्यावरही पैसे उरले आणि जास्त वॅटचा दिवा खुणावत राहिला, तर वर्षभर थांबा. तोवर तुमचा दिवा किती टक्क्यांवर चालतोय हे तुम्हालाच दिसलेलं असेल. तो आकडा साठच्या खाली असेल, तर नवा दिवा घ्यायचं कारण नाही.